शल्यक्रिया विभागातून पॅथॉलॉजीकडे : एका तरुण डॉक्टरच्या निवडीचा प्रकरण अभ्यास

वैद्यकीय पदवी आणि आंतरवासीयता संपवून बाहेर पडणारे बहुतेक डॉक्टर पुढच्या शिक्षणासाठी ज्या शाखा वॉर्डात प्रत्यक्ष पाहिलेल्या असतात त्यांतूनच निवड करतात. पॅथॉलॉजी, म्हणजे रुग्णाच्या शरीरातून काढलेल्या पेशी आणि ऊती तपासून निदान करण्याची शाखा, त्यांनी शिकलेली असते, पण ती काम म्हणून कशी केली जाते हे क्वचितच कोणी पाहिलेले असते. पदवीच्या मधल्या वर्षांत व्याख्याने, तयार स्लाइडच्या पेट्या आणि तोंडी परीक्षा यांतून भेटलेला हा विषय आणि रोज रिपोर्टखाली सही करावी लागणारा हा व्यवसाय, या दोन गोष्टींमध्ये इतके अंतर आहे की पहिलीवरून दुसरीचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरते. प्रस्तुत प्रकरण अशा एका डॉक्टरचे आहे, ज्यांनी शल्यक्रिया विभागात वर्षभर कनिष्ठ पदावर काम केल्यानंतर पॅथॉलॉजीच्या प्रशिक्षणाकडे वळण्याचा निर्णय घेतला. त्यांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. पॅथॉलॉजी विभागात आल्यावर त्या माझ्या देखरेखीखाली होत्या, त्यामुळे मी तटस्थ निरीक्षक नव्हतो, हे आधीच नोंदवतो.

सुरुवात एका रिपोर्टवरच्या नाराजीतून झाली. थायरॉइडमध्ये गाठ असलेल्या एका रुग्णाची सुईने पेशी काढून तपासणी, म्हणजे एफएनएसी, झाली होती आणि आमच्या पॅथॉलॉजी विभागाने ‘फॉलिक्युलर निओप्लाझम’ असा अभिप्राय दिला होता. थायरॉइडच्या पेशी-तपासणीचे निष्कर्ष बेथेस्डा पद्धतीनुसार सहा गटांत मांडले जातात आणि हा अभिप्राय त्यांतील चौथ्या गटात मोडतो. गाठ कर्करोगाची आहे की नाही हे त्यातून ठरत नाही. निदानासाठी साधारणतः गाठ असलेला थायरॉइडचा भाग काढून तपासावा लागतो. वॉर्डातल्या वरिष्ठांनी रिपोर्ट वाचून ‘या लोकांना कधीच काही ठाम सांगता येत नाही’ असा शेरा मारला. तो शेरा सर्वांनी हसून सोडून दिला. या डॉक्टर मात्र रिपोर्टचा कागद घेऊन खाली आमच्या विभागात आल्या आणि ठाम का सांगता येत नाही, असे त्यांनी सरळ विचारले.

दोघांना एकाच वेळी पाहता येईल अशा मायक्रोस्कोपवर मी त्यांना समोर बसवले. स्लाइडवर लहान लहान वर्तुळांत दाटीने बसलेल्या, जवळपास एकसारख्या पेशी होत्या आणि कोलॉइड नावाचा थायरॉइडचा स्राव फारच थोडा होता. या पेशी साध्या अडेनोमात, म्हणजे निरुपद्रवी गाठीत, जशा दिसतात, तशाच त्या फॉलिक्युलर कार्सिनोमात, म्हणजे कर्करोगातही, दिसू शकतात. दोहोंतला फरक पेशींच्या चेहऱ्यात नसून त्यांच्या वागण्यात आहे. गाठीने स्वतःभोवतीचे आवरण भेदले आहे का, किंवा ती रक्तवाहिनीत शिरली आहे का, यावर निदान ठरते. सुई पेशी ओढून आणते, पण आवरण आणि पेशी यांचे एकमेकांशी असलेले नाते ती आणू शकत नाही. ‘म्हणजे सर, आपण रिपोर्टात नक्की सांगितलं काय?’ असे त्यांनी विचारले. यातून काय सांगता येत नाही आणि ते कळण्यासाठी पुढे काय करावे लागेल, एवढेच सांगितले, असे मी म्हणालो. त्यांचे समाधान झाल्यासारखे दिसले नाही, आणि मला तेच बरे वाटले.

पुढे शस्त्रक्रिया झाली आणि थायरॉइडचा तो भाग आमच्याकडे आला. त्या दिवशी सुट्टी असूनही त्या आल्या. गाठीचे आवरण जिथे जिथे होते तिथून तिथून तुकडे घेऊन मेणाचे ब्लॉक तयार केले गेले. कारण नऊ ठिकाणी आवरण शाबूत असेल आणि दहाव्या ठिकाणी भेदलेले असेल, तर दहावे ठिकाणच निदान ठरवते. सगळ्या स्लाइड पाहून झाल्यावर आवरण कुठेच भेदलेले आढळले नाही आणि अडेनोमा असा अंतिम रिपोर्ट गेला. नाट्यमय काहीही घडले नाही. तरीही ‘सांगता येत नाही’ या एका वाक्यापासून ‘आता सांगता येते’ इथपर्यंत पोहोचायला किती आणि कसले काम लागते, हे त्यांनी प्रथमच सलग पाहिले.

महिनाभराने त्यांनी शाखा बदलण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा आजूबाजूच्यांनी घेतलेले आक्षेप अपेक्षित तेच होते. पॅथॉलॉजी म्हणजे रक्त-लघवी तपासण्याची लॅब, दुसरीकडे कुठे जागा मिळाली नाही की घ्यायची शाखा, रुग्णाचा चेहराही न पाहता काढायचे आयुष्य, आणि अलीकडे त्यात भर म्हणजे हे काम लवकरच संगणक करणार. पहिले दोन आक्षेप अज्ञानातून आलेले असल्याने त्यांवर वेळ घालवण्याचे कारण नाही. तिसरा खरा होता आणि त्यांना सर्वांत जास्त टोचला. त्याकडे पुढे येतो. चौथ्याबद्दल एवढेच म्हणता येईल की अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने संपूर्ण स्लाइडची डिजिटल प्रतिमा पाहून प्राथमिक निदान करण्याच्या पहिल्या प्रणालीला २०१७ साली परवानगी दिली, आणि त्यानंतर प्रतिमा वाचणारी सॉफ्टवेअरही झपाट्याने सुधारत आहेत. मात्र ही सॉफ्टवेअर स्लाइड वाचतात. हातात आलेल्या अवयवातला कोणता तुकडा स्लाइडपर्यंत जाईल, हे त्याच्या कितीतरी आधी, चाकू हातात घेतलेला माणूस ठरवतो.

त्यांची स्वतःची कारणे सुरुवातीला मला पटली नव्हती. ठरलेले तास, रात्रीच्या इमर्जन्सी कमी आणि वर्षभराच्या जागरणांचा आलेला कंटाळा, अशी ती कारणे होती. झोप पुरी व्हावी असे वाटणे गैर नाही, आणि तसे न वाटणाऱ्या डॉक्टरवर मी फारसा विश्वास ठेवत नाही. परंतु पळून येणाऱ्याला पॅथॉलॉजी सहा महिन्यांपलीकडे धरून ठेवत नाही, कारण इथला थकवा वेगळा असला तरी तो असतोच. संध्याकाळी पाच वाजता ट्रेमध्ये अजून तीस स्लाइड पडलेल्या असतात आणि प्रत्येकीमागे कोणीतरी उत्तराची वाट पाहत असते. शिवाय हा काही थोड्या काळाचा करार नाही. भारतात एमडी पॅथॉलॉजी तीन वर्षांची, अमेरिकेत अनॅटॉमिक (ऊतींची) आणि क्लिनिकल (रक्तादी नमुन्यांची) पॅथॉलॉजी एकत्र घेतल्यास प्रशिक्षण चार वर्षांचे, तर ब्रिटनमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे ऊतींच्या तपासणीच्या शाखेला, साधारण पाच वर्षे लागतात. अर्ज करण्याआधी आठ आठवडे विभागात काढावेत, असे मी सुचवले. अट एकच घातली की पहिले तीन आठवडे मायक्रोस्कोपला हात लावायचा नाही.

ही अट काहींना विक्षिप्त वाटली, पण तिच्यामागे अनुभव आहे. गुलाबी-निळ्या स्लाइडच्या प्रेमात पडणे सोपे असते. एका झाडाच्या लाकडापासून मिळणाऱ्या हिमॅटॉक्सिलिन या रंगाने पेशींची केंद्रके निळी होतात, इओसिनने बाकीचा भाग गुलाबी होतो, आणि तीन-चार मायक्रॉन जाडीच्या कापावर दिसणारे ते दृश्य खरोखर देखणे असते. या शाखेत टिकणारी माणसे मात्र मला ग्रॉसिंगच्या टेबलावर ओळखू येतात. शस्त्रक्रियेत काढलेला अवयव तिथे उघड्या डोळ्यांनी पाहायचा, मोजायचा, त्याचे वर्णन करायचे, कडांना शाई लावायची आणि नेमके तुकडे कापून कॅसेट नावाच्या लहान जाळीदार डबीत ठेवायचे, हे ते काम. फॉर्मॅलिनचा वास नाकात बसतो, पाठ दुखते आणि कौतुक करायला कोणी नसते.

दुसऱ्या आठवड्यात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे एक स्पेसिमेन, म्हणजे शस्त्रक्रियेत काढलेला भाग, आले. अशा स्पेसिमेनमधून किमान १२ लसिकाग्रंथी शोधून तपासाव्यात असा सर्वमान्य दंडक आहे, कारण आजार ग्रंथींपर्यंत पोहोचला आहे की नाही यावर पुढचे उपचार ठरतात. आतड्याला लागून असलेल्या पिवळ्या मेदातून या ग्रंथी शोधायच्या असतात, आणि त्या डोळ्यांपेक्षा बोटांना जास्त सापडतात. मेदाचा पातळ काप अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून सावकाश सरकवत गेले की मऊ मेदात मध्येच डाळीच्या दाण्यासारखे काहीतरी टणक लागते. दीड तास शोधून त्यांना आठ ग्रंथी मिळाल्या. ‘यापेक्षा जास्त नाहीतच,’ असे त्या ठामपणे म्हणाल्या. उरलेला मेद आणखी एक रात्र फॉर्मॅलिनमध्ये ठेवून सकाळी पुन्हा बघायला मी सांगितले. फॉर्मॅलिन ऊतींत फार हळू मुरते आणि नीट मुरल्यावर मेद घट्ट होऊन ग्रंथी हाताला अधिक स्पष्ट लागतात. सकाळी आणखी सहा मिळाल्या. त्यांतली एक जेमतेम तीन मिलिमीटरची होती, आणि चार दिवसांनी तिच्याच स्लाइडवर कर्करोगाच्या पेशींचे ठिपके दिसले. बाकी तेरा ग्रंथी स्वच्छ होत्या. त्या एका ग्रंथीमुळे आजाराची अवस्था दुसरीवरून तिसरी झाली आणि एरवी ज्या केमोथेरपीची चर्चा कदाचित टळली असती, ती रुग्णासमोर ठेवावी लागली. त्या दिवशी त्या फारशा बोलल्या नाहीत. नंतर मात्र कोणतेही आतडे आले की पहिल्या दिवशी मिळालेल्या आकड्यापुढे त्या पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवू लागल्या.

त्यांच्या हातून झालेली चूकही इथे नोंदवणे आवश्यक आहे, कारण त्यांच्याविषयी माझे मत त्या चुकीनंतर बनले. प्रोस्टेटच्या वेगवेगळ्या भागांतून सुईने घेतलेले बारीक तुकडे वेगवेगळ्या डब्यांतून आले होते. ते कॅसेटमध्ये भरताना उजवीकडच्या आणि डावीकडच्या एकेका डब्याचे क्रमांक परस्परांत बदलले गेले. दुसऱ्या दिवशी मेणात ब्लॉक बसवणाऱ्या आमच्या ज्येष्ठ तंत्रज्ञांना शंका आली, कारण नोंदीप्रमाणे एका कॅसेटमध्ये दोन आणि दुसरीत तीन तुकडे हवे होते, आणि प्रत्यक्षात ते उलट निघाले. ‘मग कॅसेट बदलल्या असणार, फक्त नंबर दुरुस्त करू’ अशी या डॉक्टरांची पहिली प्रतिक्रिया होती. ‘असणार’ या शब्दावर कोणताही क्रमांक बदलता येणार नाही, पुरावा दाखवावा लागेल, असे मी सांगितले. सुदैवाने त्यांनी ग्रॉसिंगच्या वेळी केवळ तुकड्यांची संख्याच नव्हे तर प्रत्येकाची लांबीही लिहिलेली होती. ब्लॉकमधल्या लांबीशी ती ताडून पाहिल्यावर शंकेला जागा उरली नाही. त्यानंतर त्यांनी घटनेची लेखी नोंद, मी सांगण्याआधीच, स्वतःच्या नावाने रजिस्टरमध्ये केली. चूक इथे सगळ्यांच्याच हातून होते. ती सापडावी यासाठी आधीच काही लिहून ठेवलेले असणे, आणि सापडल्यावर ती कागदावर आणणे, या दोन सवयी शिकवून लागतात की नाही याबद्दल मी आजही साशंक आहे.

मायक्रोस्कोपवर बसल्यावर त्यांची अडचण वेगळीच निघाली. त्या थेट चाळीसच्या लेन्सवर जात आणि एकेक पेशी न्याहाळत बसत. नवशिक्यांपैकी जवळजवळ सगळेच हे करतात, कारण पुस्तकातली चित्रे बहुधा तशी मोठी करून छापलेली असतात. मी आठवडाभर ती लेन्स काढूनच ठेवली आणि चारच्या लेन्सवर जे दिसते त्याचे वर्णन करायला लावले : रचना कशी आहे, कडा कशी आहे, शेजारच्या भागाशी तिचे जमते आहे की नाही. तरीही सहाव्या आठवड्यात एका स्लाइडवर त्या अडकल्या. हाताच्या पुढच्या भागातील त्वचेखालची गाठ होती. लांबट पेशी विस्कळीतपणे पसरलेल्या आणि विभाजन होत असलेल्या पेशी भरपूर. त्यांनी सार्कोमा, म्हणजे स्नायू-मेदासारख्या ऊतींचा कर्करोग, असे लिहिले. अर्जाच्या कागदावर ‘तीन आठवड्यांत वाढलेली, दोन सेंटिमीटर’ अशी नोंद होती, ती त्यांनी वाचलीच नव्हती. इतक्या थोड्या दिवसांत वाढून तेवढ्यावर थांबणारी आणि सूक्ष्मदर्शकाखाली भयानक दिसणारी ही गाठ नोड्युलर फॅसायटिसची होती, म्हणजे निरुपद्रवी. १९५५ साली तिचे प्रथम वर्णन झाले तेव्हा तिच्या नावातच ‘सार्कोमासारखी भासणारी’ अशा अर्थाचा शब्द घातला गेला होता. पुढे २०११ साली तिच्यातील यूएसपी६ या जनुकाचा बदल सापडला आणि निदानाला आणखी एक आधार मिळाला. सार्कोमा म्हणून रिपोर्ट गेला असता तर त्या रुग्णावर विनाकारण मोठी शस्त्रक्रिया झाली असती.

रुग्णाशी संबंध सुटेल या तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर त्यांना इथे मिळाले, असे मी म्हणणार नाही. पण त्याचे रूप बदलले. इटलीतील पादुआच्या मोर्गान्यी यांनी १७६१ साली, वयाच्या ७९ व्या वर्षी, सुमारे सातशे शवविच्छेदनांचा ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा रुग्णाच्या हयातीतील लक्षणे आणि मृत्यूनंतर अवयवांत सापडलेले बदल त्यांनी शेजारी शेजारी मांडले होते. शाखेचा पायाच त्या जोडणीवर आहे. रुग्ण आमच्याकडे अर्जावरच्या दोन ओळींतून येतो, आणि त्या दोन ओळी न वाचणे म्हणजे वॉर्डात रुग्णाशी न बोलता औषध लिहिण्यासारखेच आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. शल्यक्रियेतले त्यांचे वर्ष त्यानंतर उपयोगी पडू लागले. अर्जावर अर्धवट माहिती असेल तर वॉर्डात नेमका कोणाला फोन करायचा आणि काय विचारायचे, हे त्यांना आमच्या कित्येक निवासी डॉक्टरांपेक्षा चांगले कळत होते.

अर्जासोबतच्या निवेदनाचा पहिला मसुदा त्यांनी मला दाखवला, तेव्हा तो लहानपणापासूनच्या जिज्ञासेने सुरू होत होता. असे अर्ज वाचणाऱ्यांच्या समितीवर मी बसलो आहे. जिज्ञासा सगळ्यांनाच लहानपणापासून असते. तो परिच्छेद मी खोडला. दुसऱ्या मसुद्यात थायरॉइडचा रिपोर्ट, चौदा ग्रंथी आणि बदललेले क्रमांक या तीनच गोष्टी होत्या. आपली चूक अर्जात लिहावी का, यावर आमच्यात मतभेद झाला. माझ्या मते ती वगळणे शहाणपणाचे होते, कारण अनोळखी परीक्षक ती कशी वाचतील याची खात्री देता येत नव्हती. त्यांनी ती ठेवली. मुलाखतीत, त्यांनी मला सांगितले त्यानुसार, निम्मा वेळ तिच्यावरच गेला : लांबी लिहिलेली नसती तर काय केले असते, असा प्रश्न आला. तुकडे कोणत्या बाजूचे आहेत हे निश्चित करता येत नाही असे रिपोर्टात लिहून शल्यचिकित्सकांना कळवले असते, आणि गरज पडल्यास तुकडे कोणत्या बाजूचे हे ठरवण्याचा दुसरा मार्ग नसल्याने पुन्हा बायॉप्सी घ्यावी लागू शकते हेही सांगितले असते, असे त्यांनी उत्तर दिले. त्यांची निवड झाली. त्याच उत्तरामुळे झाली की गुणांमुळे, हे समितीच जाणे. माझा सल्ला मात्र चुकला होता.

आज त्यांच्या प्रशिक्षणाला सव्वा वर्ष झाले आहे. शवविच्छेदनाचा भाग त्यांना अजून जड जातो आणि त्या तो टाळत नसल्या तरी त्यात रमत नाहीत. फ्रोझन सेक्शन मात्र त्यांना आवडते. शस्त्रक्रिया चालू असताना आलेला तुकडा क्रायोस्टॅटमध्ये गोठवून, कापून, रंगवून साधारण वीस मिनिटांत उत्तर द्यायचे असते, आणि टेबलाच्या त्या बाजूला उभे राहून वाट पाहण्याचा अनुभव त्यांच्याकडे आहे. एकदा, कडेवरच्या पेशींविषयी खात्री नसताना, ‘निदान कायमस्वरूपी स्लाइडवर (म्हणजे नंतर नेहमीच्या पद्धतीने तयार होणाऱ्या स्लाइडवर) सोडत आहोत’ हे वाक्य फोनवर सांगायचे काम मी त्यांच्यावर सोपवले. पलीकडून नाराजीचा सूर ऐकू आला. त्यांनी वाक्य बदलले नाही. फक्त आणखी कोणत्या बाजूचा तुकडा मिळाला तर उत्तर देणे शक्य होईल, ते पुढे जोडले, आणि दहा मिनिटांत तो तुकडा खाली आला.

अंतिम सही अजून वरिष्ठांचीच असते. त्यांनी एक वही ठेवली आहे, जिच्यात स्वतःचे प्राथमिक निदान, वरिष्ठांचे अंतिम निदान आणि दोन्ही जुळली नसतील तर त्याचे कारण, असे तीन रकाने आहेत. गेल्या आठवड्यात ती मला पाहायला मिळाली. पहिल्या पानांवर तिसऱ्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘माहिती वाचली नाही’ किंवा ‘मोठ्या लेन्सवर लवकर गेले’ असे लिहिलेले आहे. अलीकडच्या पानांवर नोंदी विरळ आहेत, आणि ज्या आहेत त्यांतल्या बऱ्याच एकाच प्रकारच्या आहेत : ‘तुकडा अपुरा होता, मी निदान दिले, सरांनी दिले नाही.’